लोटन आप्पांची पेन्सिल

माझ्याकडे पॅथॉलॉजी शिकायला येणारी नवी मुलं पहिल्याच दिवशी एक प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, या तीन वर्षांत नक्की काय काय असतं?" त्यांना छापील उत्तर हवं असतं. सेमिनार किती, थिसिस कधी द्यायचा, सुट्ट्या मिळतात का. ते सगळं बाहेर फलकावर लावलंय, वाचा जा, असं म्हणून मी त्यांना पिटाळते. खरं उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते उभ्या उभ्या सांगता येत नाही. माझ्या तीन वर्षांत मुख्यतः लोटन आप्पा होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी अकोल्याची. मला हवी ती शाखा हव्या त्या गावात मिळाली नाही आणि सुरतेच्या एका मोठ्या रुग्णालयात पॅथॉलॉजीची जागा पदरात पडली. घरी सुतक पडल्यासारखं वातावरण. मावशीने तर तोंडावरच विचारलं, "म्हणजे तू पेशंट बघणारच नाहीस? मग तुला डॉक्टर तरी कशाला म्हणायचं?" मलाही मनातून तसंच वाटत होतं. अशा फुगलेल्या तोंडाने मी मे महिन्याच्या उकाड्यात त्या विभागात पाय ठेवला.

दार ढकललं तर आत एक किडकिडीत माणूस पाठमोरा बसलेला. गुडघ्यापर्यंत पिवळट पडलेला ॲप्रन, कानावर बोटभर उरलेली पेन्सिल. समोर हाताने फिरवायचं चाक असलेलं एक यंत्र. खोली भट्टीसारखी तापलेली आणि पंखा बंद. मी म्हटलं, बिचाऱ्याला उठायला वेळ मिळाला नसेल. बटण दाबलं.

यंत्राच्या सुरीवरून सुटलेली एक पातळ फीत भुर्रकन उडाली आणि कपाटामागे गेली. तो माणूस वळलासुद्धा नाही. शांतपणे म्हणाला, "आलात का? या. ज्या हाताने पंखा लावला, त्याच हाताने बंद करा. आणि ते जे उडालं ना, ते एका बाईचं जठर होतं. शोधा."

मी नव्या कोऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये गुडघे टेकून कपाटाखाली घुसले. अर्धा तास मी जठर शोधत होते. शेवटी कोळिष्टकांनी माखून बाहेर आले, तेव्हा आप्पा चहा पीत होते. म्हणाले, "राहू द्या आता. मेणात अजून पुष्कळ आहे. पण पंखा आता जन्मात लावणार नाही तुम्ही." खरंच नाही लावला. आजही कुणाच्या घरी पंखा लावताना मी आधी चारी बाजूंना बघून घेते.

लोटन आप्पा आमच्या विभागाचे तंत्रज्ञ. ऑपरेशन थिएटरमधून आलेले तुकडे आम्ही डॉक्टर कापायचे, त्यांचं वर्णन वहीत लिहायचं. मग ते तुकडे रात्रभर निरनिराळ्या द्रावणांतून फिरायचे, सकाळी आप्पा ते मेणात बसवायचे आणि त्या मेणाच्या वडीचे इतके पातळ काप काढायचे की फुंकर मारली तर गायब. ते काचेवर चढवून रंगवले की मग आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान करणार. काप एकापुढे एक जोडून फीत निघाली की आप्पा तिला शेवई म्हणायचे. "आज शेवया मोडतायत. मेण गरम आहे. बर्फ आणा." खानदेशातल्या शिंदखेड्याकडचा हा माणूस पंचवीस वर्षांपूर्वी मागावर काम करायला सुरतेजवळच्या उधन्याला आला होता. तिथून तो इस्पितळात झाडूकामाला लागला आणि कुणी न शिकवता बघून बघून हे शिकला.

त्यांच्या डाव्या मनगटावर एकही केस नव्हता. मला आधी वाटलं, काही त्वचेचा आजार असेल. मग शनिवार उजाडला. शनिवारी आप्पा सुरीला धार लावायचे. तेव्हा सुऱ्या पोलादी असत, वीतभर लांब, आणि त्या दगडावर घासून मग चामड्याच्या पट्ट्यावर परजाव्या लागत. दोन तास कुणी बोलायचं नाही. मग आप्पा मनगटावरून सुरी हलकेच फिरवायचे. केस आवाज न करता पडला तर धार बरोबर. मनगट तासून झाल्यामुळे पुढेपुढे ते आमच्या हातांकडे आशेने बघू लागले. माझा सहकारी, राजकोटचा एक दांडगा केसाळ मुलगा, दर शनिवारी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायचा.

त्यांची शिकवण्याची पद्धत वेगळीच होती. "आधी नाक, मग हात, शेवटी डोळे," असं ते म्हणत. नाक म्हणजे फॉर्मलीनचा वास सोसणं. पहिले पंधरा दिवस माझ्या डोळ्यांतून अखंड धारा. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "काही नाही, नवी नवरी आणि नवा डॉक्टर, पंधरा दिवस रडणारच. सोळाव्या दिवशी घर डोक्यावर घेतात." वॉर्डबॉय मणिलाल मान डोलवायचा, "साची वात, काका." आणि सोळाव्या दिवशी मी खरोखर बर्फावरून त्यांच्याशी भांडले. मेण थंड ठेवायला रोज बर्फाची लादी यायची. राजकोटकराने आणि मी तिच्यातला एक खडा धुऊन लिंबूसरबतात टाकला होता. आप्पांनी आम्हाला पूर्ण पेला पिऊ दिला. मग म्हणाले, "काल त्याच बर्फावर मुळव्याधीचा तुकडा ठेवला होता." मी आकाशपाताळ एक केलं. संध्याकाळी कळलं, की आदल्या दिवसाची लादी आदल्याच दिवशी वितळली होती आणि मुळव्याधीचा तुकडा म्हणून काही आलाच नव्हता. पण तेव्हापासून विभागातलं काहीही तोंडात घालायची माझी सवय सुटली.

एक मात्र मला कधी उलगडलं नाही. ज्या काचा ते जिवापाड जपून तयार करायचे, त्या सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात हे त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. मी कितीदा म्हटलं, "आप्पा, या ना, बघा तुमच्या शेवया." ते हात झटकून टाकायचे. "ते तुमचं खातं. मी बघितलं की मला कळणार कुणाचं काय झालंय. मग मी ते घरी घेऊन जाणार. माझी खोली लहान आहे, डॉक्टरबाई." आणि पुन्हा चाक फिरवायला लागायचे.

आता पेन्सिल.

प्रत्येक तुकड्याबरोबर कागदाची एक चिमुकली चिठ्ठी जाते. तिच्यावर रुग्णाचा नंबर. तुकडा जिथे जाईल तिथे चिठ्ठी, पाण्यात, अल्कोहोलमध्ये, मेणात. हा नंबर पेन्सिलीनेच लिहायचा, कारण पेनची शाई त्या द्रावणांत धुऊन जाते. एवढी साधी गोष्ट. पण आप्पा ती रोज सांगायचे. सकाळी आलं की आमच्या खिशांकडे बघायचे आणि पेन दिसलं की काढून घेऊन खिडकीत ठेवायचे. आणि दुसरं, वहीतलं वर्णन. दोन तुकडे सारखे दिसले तरी दोघांचं वेगळं लिहायचं, हवं तर चित्र काढायचं. "दोन सारखे नसतातच. तुम्ही नीट बघितलं नाही म्हणून सारखे दिसतात." मी "हो आप्पा, हो आप्पा" म्हणायची.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, आप्पा भाचीच्या लग्नाला दोन दिवसांच्या रजेवर गेले. मी एकटीच तुकडे कापत होते. चाळीसेक झाले, शेवटचे दोन राहिले आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. शार्पनर आप्पांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप. खिशात बाबांनी दिलेलं नवं बॉलपेन. जेवणाची वेळ टळून गेलेली. म्हटलं, दोन चिठ्ठ्यांनी काय होतंय. लिहिले नंबर. दोन्ही गालाच्या आतून काढलेले तुकडे, मसुरीच्या डाळीएवढे. पहिल्याचं वर्णन वहीत लिहिलं आणि दुसऱ्याच्या पुढे लिहिलं, "डिट्टो."

दुसऱ्या दिवशी आप्पा हळदीच्या हातांनी परत आले आणि मेणाचं काम घेऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मी हसत गेले. त्यांच्या तळहातावर दोन चिठ्ठ्या होत्या. पांढऱ्याशुभ्र. त्यांनी वही उघडली आणि डिट्टोवर बोट ठेवलं. त्यांनी ओरडायला हवं होतं असं मला फार वाटलं.

तुकडे इतके लहान की सगळेच्या सगळे मेणात गेले होते, मागे काही शिल्लक नव्हतं. आप्पांनी दोन्हींचे काप काढले आणि काचांवर पेन्सिलीने नुसतं अ आणि ब लिहिलं. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. अ मध्ये साधी सूज. ब मध्ये कॅन्सर, अगदी सुरुवातीचा, वेळेवर कापला तर बरा होणारा.

म्हणजे दोन माणसांपैकी एकाला कॅन्सर होता आणि कोणाला ते मला ठाऊक नव्हतं.

मी दोघांचे अर्ज काढले. एक नामदेव, वय चोपन्न, गवंडी, तीस वर्षं गालात तंबाखूचा बार. दुसरा युवराज, वय सव्वीस, मागावर कामाला, तोही तंबाखू खाणारा. दोघांचाही पत्ता उधन्याजवळचं नवागाम. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "आप्पा, हे तर उघड आहे. ब म्हणजे नामदेव. सव्वीसाव्या वर्षी कुठे..." आणि मी काचेवर नंबर टाकायला पेन्सिल उचलली.

आप्पांनी माझं मनगट धरलं. तीन वर्षांत त्यांनी मला हात लावला तो तेवढाच.

"डॉक्टरबाई, तंबाखूला वय कळतं का?"

"पण आप्पा, शक्यता..."

"शक्यता घेऊन त्याच्या घरी जाल का? चला, सरांना सांगा. पेन तुमचं होतं, तुम्हीच सांगा. मी दाराशी उभा राहतो."

आमचे विभागप्रमुख देसाईसर म्हणजे ज्यांच्या खोकण्यानेही आम्ही उठून उभे राहायचो. मी रडत रडत सगळं सांगितलं. आता रेसिडेन्सी गेली, अकोल्याचं तिकीट काढायचं, हे मनात पक्कं. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि एकच विचारलं, "दर्दी क्यां छे?" रुग्ण कुठे आहेत. बाकीचं नंतर बघू. दोघांनाही परत बोलवायचं, दोघांचाही तुकडा परत घ्यायचा, दुसरा रस्ता नव्हता.

आणि आखाजी दोन दिवसांवर आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशी माणसाची खरी दिवाळी. त्या आठवड्यात उधन्याचे माग मुके होतात, कारण चालवणारे सगळे गावी जातात आणि काही जण पावसाळा लागेपर्यंत परतत नाहीत. हे आप्पांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी ॲप्रन काढला, लुनाला पेडल मारलं आणि म्हणाले, "बसा."

आप्पा लुना चालवायचे ते बैलगाडीच्या शिस्तीने. सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते. मी मागे बसून देवाचा धावा करत होते आणि आप्पा प्रत्येक चौकात ओळखीच्या माणसाला हात करत होते. नवागामला नामदेव एका अर्धवट बांधलेल्या भिंतीवर सापडला. त्याने वरूनच सगळं ऐकून घेतलं आणि गालातला बार इकडून तिकडे केला. "पुन्यांदा कापायचंय? कापा की. गाल काय पळून चाललाय व्हय?" संध्याकाळी येतो म्हणाला आणि खरंच आला.

युवराजच्या खोलीला मात्र कुलूप. शेजारीण म्हणाली, आत्ताच गेले दोघं नवरा-बायको, उधना स्टेशनवर, भुसावळकडच्या पॅसेंजरला.

त्या दिवशी मी आप्पांना लुना पळवताना पाहिलं. पळवली म्हणजे सायकलवाल्यांच्या बरोबरीने गेली. स्टेशनवर गाडी उभी होती आणि सगळा खानदेश तिच्यात चढत होता, पत्र्याच्या पेट्या, पिठाच्या गोण्या, नव्या साड्यांची गाठोडी. आप्पा डब्याडब्यातून अहिराणीत ओरडत निघाले, "युवराज कोण शे रे तुमनामा? नवागामना युवराज!" एका डब्यात तीन युवराज निघाले. चौथा आमचा. बारीक मिशी, डाव्या गालात कापसाचा बोळा.

"मी शे. काय व्हयनं आप्पा?"

"खाले उतर भाऊ. तुना गालना तुकडा परत लेवाना शे."

"एकदाव लिधा ना! आते आखाजीले घर जाई ऱ्हायनू. परत उनू म्हणजे दखसू." म्हणजे आता गावी चाललोय, परत आलो की बघू.

गाडीने शिट्टी दिली. आप्पा डब्यात चढले, त्यांच्यामागे मी. बायको घाबरून विचारू लागली, "काय व्हयनं यासले?" आणि इथेच पंचाईत होती. तुला कॅन्सर आहे असं सांगता येत नव्हतं, कारण कदाचित नव्हता. काही नाही म्हणावं, तर तो कशाला उतरेल?

आप्पा त्याच्यासमोर खाली बसले, पेटीवर हात ठेवून. "मनी चूक व्हयनी, भाऊ. तुना तुकडा हारपना."

माझी चूक झाली, तुझा तुकडा हरवला, म्हणाले. साठीला आलेला माणूस, भरल्या डब्यात, आपल्याच मुलखातल्या माणसांसमोर. लोक वळून बघायला लागले. कुणीतरी हसलंही. मला ते सहन झालं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "यांची नाही, चूक माझी आहे. मी डॉक्टर आहे आणि मी चुकले." हसणाऱ्याने हसू आवरलं. डॉक्टर चुकला असं डॉक्टरच्याच तोंडून त्यांच्यापैकी कुणी कधी ऐकलं नसावं. युवराजने बायकोकडे बघितलं. बायकोने पेटीची कडी धरली आणि म्हणाली, "चाला उतरा. बाई रडी ऱ्हायनी."

तोवर गाडी सुटलेली. आम्ही चौघं पेटी, गोणी आणि आंब्यांच्या करंडीसह वाटेतल्या चलथाण स्टेशनवर उतरलो. लुना उधन्याला. साखर कारखान्याकडून येणाऱ्या एका टेम्पोत आम्ही मळीच्या वासात परत आलो. वाटेत आप्पांनी युवराजच्या बायकोला तिच्या माहेरचं गाव विचारून तिचे दोन दूरचे मामा शोधून काढले, आणि ती आपली भीती विसरली.

त्या संध्याकाळी दोन्ही चिठ्ठ्या मी लिहिल्या. पेन्सिलीने. आप्पा शेजारी उभे होते.

काचा तयार झाल्या तेव्हा सूक्ष्मदर्शकावरून मला मान वर करता येईना. नामदेवच्या गालात साधी सूज होती. कॅन्सर युवराजला होता.

मी आप्पांकडे गेले. ते काप काढत होते. मी म्हटलं, "युवराजचा." ते चाक फिरवायचे थांबले. माझा अंदाज चालला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. चोपन्न वर्षांच्या माणसाचा निरोगी गाल कापला गेला असता आणि सव्वीस वर्षांचा मुलगा आखाजीची पुरणपोळी खाऊन, काही नाही म्हणे, असं सांगत हिंडला असता. आप्पांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "टोक करून आणा. बोथट झालीय." मी कोपऱ्यात जाऊन टोक करत राहिले, ती संपत आली तरी.

युवराजचं ऑपरेशन वेळेत झालं. देसाईसरांनी मला शिक्षा म्हणून वर्षभर सगळ्या चिठ्ठ्या लिहायला लावल्या. राजकोटकर खूश.

पुढच्या वर्षी, माझी परीक्षा झाली त्याच महिन्यात, आप्पा निवृत्त झाले आणि कायमचे गावी निघाले. विभागाने शाल दिली, नारळ दिला. त्यांनी शाल चाचपून बघितली आणि म्हणाले, "उन्हाळ्यात शाल. डॉक्टरच ते." मी त्यांना पोचवायला उधना स्टेशनवर गेले. तीच पॅसेंजर, तोच फलाट. त्यांची लोखंडी पेटी भलतीच जड होती, तिच्यात त्यांच्या धार लावायच्या दगडाशिवाय काही नसावं असा मला संशय आहे. ती दोन माणसांनी उचलून आणली होती. एका बाजूला नामदेव, गालात बार. दुसऱ्या बाजूला युवराज, डावा गाल थोडा आत गेलेला, हसला की तोंड किंचित वाकडं व्हायचं, आणि तो सारखा हसत होता. नामदेव त्याला दटावत होता, "नीट धर की लेका, माझ्याकडंच वजन येतंय समदं."

पेटीच्या कडीला एक चिठ्ठी बांधलेली होती. नाव, गाव, पेन्सिलीने. आप्पांनी तिची गाठ दोनदा ओढून बघितली.

गाडी हलली. आप्पांनी खिडकीतून डोकं काढलं आणि एवढ्या गर्दीत मला ओरडून सांगितलं, "डॉक्टरबाई! डिट्टो लिहू नका!" आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले.

मी हात हलवत राहिले. माझ्या दोन्ही बाजूंना ते दोघं उभे होते, एक बार मळत, दुसरा शर्टाच्या बाहीने डोळे पुसत. त्या दोघांना मी एकदा एका शब्दात उरकलं होतं.